गाडी विका, पण वहीसकट

मेकॅनिकलच्या वर्कशॉपमागे कधी गेलाय का? नसाल, तर एकदा जाऊन या. बॉईज हॉस्टेलकडून मेसला जाताना डावीकडे पत्र्याचा आडोसा लागतो ना, त्याच्या पलीकडे. तिथे गुडघाभर गाजरगवत आहे आणि त्यात तीन गाड्या आहेत. आपल्या कॉलेजच्या 'बाहा' टीमच्या. एक 2017 ची, एक 2019 ची, एक 2022 ची. सगळ्यात जुनीच्या सीटमधून एरंडाचं झाड वर आलंय आणि 2019 च्या गाडीखाली हॉस्टेलच्या कुत्रीने दोनदा पिल्लं घातली आहेत.

(फर्स्ट इयरवाल्यांसाठी: स्पेलिंग वाचून 'बाजा' म्हणू नका, 'बाहा' म्हणा. तशी परीक्षेच्या तोंडावर टेस्टिंग आलं की 'बाजा'च वाजतो, तो भाग वेगळा.)

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगते. एसएई इंडिया ही ऑटोमोबाइल इंजिनिअर्सची संस्था 2007 पासून इंजिनिअरिंग कॉलेजांसाठी ही स्पर्धा घेते. पहिली इंदूरजवळ पीथमपूरला झाली. पोरांनी एका माणसाची, खाचखळग्यांतून पळणारी गाडी स्वतः डिझाइन करायची, बांधायची आणि शेवटी चार तासांच्या एन्ड्युरन्स रेसमध्ये न मोडता पळवून दाखवायची. आपल्या तिन्ही गाड्यांना इंजिन एकच, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं 305 सीसीचं, दहा हॉर्सपॉवरचं. सगळ्या टीमना तेच आणि त्याला हात लावायचा नाही. त्यामुळे खरी डोकेबाजी बाकीच्या गाडीत असते.

आता मुद्द्यावर येते. गेल्या महिन्यात डिपार्टमेंटने ठरवलं की या तिन्ही गाड्या भंगारात काढायच्या. जागा हवी आहे, डास होतात, तपासणीला कमिटी आली की वाईट दिसतं. सगळी कारणं खरी आहेत. भंगारवाले मामा उद्यमनगरातून येऊन बघून गेले. इंजिनं आधीच काढून लॅबमध्ये नेलेली, त्यामुळे उरलेल्याचा अंदाज साडेपाचशे किलोच्या वर-खाली. भाव सांगितला सरसकट एकतीस रुपये किलो. म्हणजे तीन बॅचेसची रात्र-रात्रभराची वेल्डिंगं, कॅड मॉडेल्स, बुडवलेली लेक्चर्स, स्पॉन्सरच्या दारात घासलेले जोडे... सगळे मिळून सतरा हजार रुपये!

पण मामांनी जाता-जाता एक गोष्ट केली आणि मी हा लेख लिहायला घेतला त्याचं निम्मं कारण तेच आहे. त्यांनी 2022 च्या गाडीच्या पाइपवर नखाने रंग खरवडला आणि विचारलं, "ताई, ह्यात क्रोम हाय न्हवं? मग ह्यो पाइप येगळा काढून द्या. फौंड्रीवाला मिक्स मालाला शिव्या घालतोय."

मी तिथेच गप्प झाले. कारण 2017 चा रोलकेज साध्या माइल्ड स्टीलचा आहे आणि 2022 चा 4130 क्रोमोलीचा, हे मला माहीत होतं. पण 2019 चा कशाचा? आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मामांचा प्रश्न अगदी रास्त होता. कोल्हापुरातल्या फाउंड्र्यांत, शिरोली असो की गोकुळ शिरगाव, स्टीलचं भंगार हा कच्चा माल असतो. ग्रे कास्ट आयर्नच्या वितळीत क्रोमियम जास्त गेलं की कार्बाइड तयार होतात आणि कास्टिंग इतकं कडक निघतं की लेथवर टूल टिकत नाही. म्हणजे आपली गाडी नीट मरायची असली, तरी तिच्यात काय आहे हे कुणालातरी सांगता आलं पाहिजे. आपल्याला ते सांगता येत नव्हतं.

आता दुसरं निम्मं कारण. हे सांगताना मला लाज वाटते, पण सांगते.

या वर्षीच्या गाडीला गिअरबॉक्स हवा होता. नवा परवडत नव्हता. म्हणून आम्ही चौघं उद्यमनगरात फिरून महिंद्रा अल्फा टेम्पोचा जुना गिअरबॉक्स नऊ हजाराला घेऊन आलो. बाहाच्या पोरांचं अल्फावर एवढं प्रेम का, असं फर्स्ट इयरवाले विचारतात. तो तीनचाकी मालवाहू टेम्पो आहे. भरल्या वजनाने चढावर जागेवरून उठायचं हे त्याचं काम, त्यामुळे पहिल्या गिअरचा रेशो एकतीसास एकच्या आसपास आहे. डिफरन्शियल त्याच डब्यात, रिव्हर्सही आहे. दहा हॉर्सपॉवरच्या इंजिनाला याहून चांगली जोडी भंगारात मिळत नाही. स्टिअरिंग रॅक आणि सीव्ही जॉइंट मारुती 800 चे, डिस्कचे कॅलिपर मोटरसायकलचे. आपल्या गाड्या अशाच होतात. नवीन असतो तो फक्त रोलकेज आणि आमचा उत्साह.

गिअरबॉक्स बसवून झाला आणि मग पंधरा दिवसांनी कळलं की 2019 च्या गाडीत, त्या कुत्रीच्या डोक्यावर, एक अख्खा अल्फा गिअरबॉक्स पडून आहे. उघडला. आत तेल होतं, दात चांगले होते. नऊ हजार पाण्यात! पण तो चांगला आहे हे कुठे लिहिलेलंच नव्हतं, मग कळणार कसं?

इथवर फक्त पैशाची गोष्ट होती. जानेवारीत पुढचा उजवा खालचा विशबोन टेस्टिंगमध्ये वाकला. नवा करायला पाइप नव्हता, वेळ नव्हता. 2022 च्या गाडीचा आर्म मापात बसत होता. पिवळा पावडर कोटिंग चकचकीत, कुठे ओरखडा नाही. आम्ही तो काढला आणि लावला. 'आम्ही' कशाला म्हणू? मी लावला. दुसऱ्या दिवशी मागच्या माळावर, एका साध्या बांधावरून उडी घेताना तो मोडला. वेल्डवर नाही, वेल्डपासून चार बोटं पलीकडे, सरळ पाइपात. चाक आत दुमडलं, स्टिअरिंगला झटका बसला आणि आमच्या सेकंड इयरच्या ड्रायव्हरचं मनगट फ्रॅक्चर झालं. सहा आठवडे प्लास्टर. हेल्मेट, हार्नेस, रोलकेज सगळं जागच्या जागी होतं म्हणून मनगटावर निभावलं.

संध्याकाळी त्या बॅचच्या एका सिनिअरला फोन लावला. तो आता चाकणला नोकरीला आहे. त्याने पहिल्याच वाक्यात सांगितलं, "कुठला, पुढचा उजवा? अगं, तो इव्हेंटच्या आदल्या रात्री वाकला होता. गॅसवर लाल करून सरळ केला आणि परत आल्यावर रंग मारून घेतला. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

नाही. कुणी सांगितलं नाही. आणि मी विचारलं नाही.

4130 चा पाइप गॅसवर लाल होईपर्यंत तापवला आणि वाऱ्यावर गार होऊ दिला, तर आतली रचना बदलते. पातळ पाइप लवकर गार होतो आणि तापवलेल्या जागी कडक, ठिसूळ पट्टा राहू शकतो. हे मटेरियल सायन्सच्या पेपरात मी दहा मार्कांना लिहिलं होतं आणि मार्कही चांगले मिळाले होते! पण पिवळ्या रंगाखालचा तो पट्टा मला दिसला नाही.

त्यानंतर टीममध्ये आणि डिपार्टमेंटमध्ये दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणतो, बघा, म्हणूनच जुन्या गाड्या वितळवायला द्या. जुना पार्ट नको, विक्री नको, भानगड नको. आमचे एक सर, ज्यांच्याबद्दल मला फार आदर आहे, तेही याच मताचे आहेत. त्यांचं म्हणणं असं की उद्या त्या गाडीत बसून बाहेरचं कुणी पडलं तर उत्तर कोण देणार? दुसरा पक्ष भावनेचा. त्यात मुख्यतः माजी विद्यार्थी आहेत. त्यांना गाड्या रंगवून, प्लिंथ बांधून गेटजवळ ठेवायच्या आहेत. दादांनो, दसऱ्याला दसरा चौकात येणारी छत्रपतींची भगवी मेबॅक शोभते, कारण ती चालत येते. आपली 2017 ची गाडी गेटवर ठेवली तर तिच्यात वॉचमन काका डबा ठेवतील.

मला दोन्ही पटत नाहीत. सरांचं निम्मं पटतं, ते पुढे सांगते. पण जुना पार्ट नकोच, हे म्हणणं तर आपल्या स्पर्धेच्या जन्माच्याच विरुद्ध आहे. 'बाहा' हे नाव मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्निया या वाळवंटी द्वीपकल्पावरून आलंय. 1964 मध्ये कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्स नावाच्या माणसाने फायबरग्लासची एक बग्गी बनवली, मेयर्स मँक्स. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन सगळं फोक्सवॅगन बीटलचं. पुढे लोक जुन्या, ठोकलेल्या बीटल आणून त्यांची चेसीस कापून आखूड करायचे आणि वर मँक्सची बॉडी बसवायचे. 1967 मध्ये अशाच मँक्सने बाहाच्या त्या वाळवंटातली पहिली मोठी रेस जिंकली. कॉलेजच्या पोरांची बाहा एसएई स्पर्धा अमेरिकेत 1976 ला सुरू झाली ती त्यानंतर. ज्या खेळाचं कूळच भंगारातलं, त्या खेळात आपण जुन्या पार्टला अस्पृश्य ठरवायचं?

आणि एवढं लांब तरी कशाला जायचं! कोल्हापुरात लहानाचे मोठे झालेल्यांना वडाप माहीत आहे. दहा जणांच्या जागी सोळा माणसं आणि दोन करडं घेऊन घाट चढणाऱ्या जीपा. त्यांचं वय झालं की त्या जातात कुठे? इंजिन कुणी पंपाला लावतो, ॲक्सल ट्रॉलीला जातो, फोरव्हीलवाली असेल तर ट्रान्स्फर केस आणि पुढचा ॲक्सल हौशी लोक शोधत येतात. म्हादबा मिस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं ज्या गावाच्या कारखानदारीच्या सुरुवातीला घेतली जातात, त्या गावात वस्तू उघडून, बघून, दुसरीकडे बसवणं यात कमीपणा कधीच नव्हता. फरक एवढाच की उद्यमनगरातला मिस्त्री जुना पार्ट विकताना बोलतो. आमचा नऊ हजाराचा गिअरबॉक्स देताना त्या मिस्त्रींनी न विचारता सांगितलं होतं, "तिसरा गिअर कधीमधी सुटतोय, फोर्क बघून घ्या." खरंच सुटत होता. फोर्क बदलला, आता सुटत नाही. कॉन्व्हेंटमध्ये माझी दहा वर्षं 'ऑनेस्टी'वर एसे लिहिण्यात गेली. पण विकणाऱ्याने स्वतःहून दोष सांगितलेला मी पहिल्यांदा तिथे ऐकला.

म्हणून माझं मत असं आहे की गाड्या विकाव्यात. वजनावर नव्हे, पार्ट म्हणून. आणि प्रत्येक पार्टबरोबर त्याची हकीकत लिहून द्यावी. काय मटेरियल, किती इव्हेंट पळाला, कधी वाकला, कुणी सरळ केला. ज्याची हकीकत माहीत नाही त्यावर 'माहीत नाही' असं लिहावं, आणि तो अंगावर वजन घेणारा पार्ट असेल तर कापून टाकावा.

गिऱ्हाईक आहे का? आहे! गेल्या वर्षी जवळच्याच एका पॉलिटेक्निकची पोरं येऊन गेली होती. त्यांना पहिली एटीव्ही बांधायची आहे, बजेट आमच्या निम्मंही नाही. त्यांनी 2019 ची गाडी सगळीच्या सगळी मागितली. मागून त्यांच्यातला एक बारका पोरगा म्हणाला, "ताई, हिचं काय काय मोडलंय?" आम्ही हसून म्हटलं, "काही नाही रे, पेट्रोल टाक आणि पळव." देवाची कृपा, व्यवहार पैशावर फिसकटला. 2022 चा आर्म 2019 च्या गाडीत नव्हता हे खरं. पण 2019 च्या गाडीत काय आहे हे तरी आम्हाला कुठे माहीत होतं?

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे एका मित्राचे काका. शाहूवाडीकडे शेती आहे, वैरण आणायला आणि पोरांना फिरायला गाडी हवी. रोख द्यायला तयार. इथे मात्र मी सरांच्या बाजूची आहे. ही गाडी आरटीओकडे नोंदवलेली नाही आणि नोंदवली जाणारही नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 39 प्रमाणे नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक जागी चालवताच येत नाही. काका म्हणतात, शेतातच फिरवणार. पण शेत आणि डेअरी यांच्यामध्ये रस्ता असतोच, आणि संध्याकाळी दूध घालायला पुतण्याच जातो. त्यामुळे पळती गाडी टीमबाहेर विकायची नाही. काकांना इंजिन हवं तर लॅबमधल्या जादा इंजिनाचा अर्ज करावा, ते फवारणीच्या पंपावरही चालेल.

हॉस्टेलमधल्या एका महाभागाचा बेत तर याहून भारी आहे. घरच्या जुन्या जीपला भंगारातलं दुसरं इंजिन, उंच सस्पेन्शन, मोठे टायर. भावा, जीप नोंदणीची आहे. कलम 52 वाच. कंपनीने बनवलेल्या मूळ स्वरूपापासून गाडी मनाने बदलता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी. आणि भंगारातून इंजिन घेतोस तर पावती घे, त्यावर ज्या गाडीतून काढलं तिचा नंबर असू दे. चोरीच्या मालाला पावती नसते.

आता आम्ही काय करतोय ते. परीक्षा संपल्यावर 2022 ची गाडी उघडली. दोनशे पानी लाँगबुक घेतली, पार्टला ॲल्युमिनियमची पट्टी आणि पंचाने नंबर. जुन्या टीममेट्सना फोन लावले. एक दादा तर रात्री अकराला दुबईहून व्हिडिओ कॉलवर ब्रॅकेट ओळखत बसला होता. मेटलर्जीच्या लॅबमधून डाय पेनिट्रंटचे तीन डबे मागून आणले. आधी क्लीनर, मग लाल डाय, थांबायचं, पुसायचं, मग पांढरा डेव्हलपर. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. चार नकलपैकी एकावर उमटली. केसाएवढी. ते नकल आम्ही ग्राइंडरने दोन तुकडे केलं. परत कुणी बसवू नये म्हणून.

हार्नेसचे पट्टे, ब्रेकचे होज, रॉड एंड आणि नायलॉक नट यांचा तर विचारच नको, ते नवेच घ्यायचे. उन्हात चार वर्षं पडलेला पट्टा दिसायला धडधाकट असतो, पण उन्हाने धागा कमजोर होतो. उलट गिअरबॉक्स, रॅक, हब, रिम हे सोन्यासारखे आहेत. कॅलिपरची सील किट बदलली की पुढची पाच वर्षं काळजी नाही.

राहिला डेड स्टॉक. कॉलेजची वस्तू अशी उचलून विकता येत नाही हे मला मान्य आहे. रजिस्टरमध्ये एंट्री आहे, निर्लेखन करावं लागतं, सह्या लागतात. पण रजिस्टरमध्ये 'एटीव्ही - 1 नग' असं लिहिलेलं आहे म्हणून ती एक नगच मरायला हवी का? निर्लेखनाच्या प्रस्तावाला आमच्या वहीची झेरॉक्स जोडावी, चांगले पार्ट वर्कशॉप स्टोअरच्या नावावर परत चढवावेत, जादाचे दुसऱ्या कॉलेजच्या टीमला पावतीवर विकावेत, उरलेलं मामांना द्यावं. क्रोमोली वेगळी बांधून! स्टोअरकीपर काकांना विचारलं, ते म्हणाले, "करता येतंय की. पण तुमच्यानंतर वही कोण लिहिणार, ते सांगा आधी."

याला माझ्याकडे उत्तर नाही. मी पुढच्या वर्षी पास आऊट होईन (एटीकेटीने साथ दिली तर). ज्याचं मनगट मोडलं होतं तो सेकंड इयरचा पोरगा सध्या वही लिहितोय. अक्षर भयानक आहे, पण लिहितोय. त्या आर्मचं पानही त्यानेच लिहिलं आणि 'कोणी बसवला' या रकान्यात माझं नाव घातलं. मी खोडलं नाही.

पॉलिटेक्निकच्या पोरांना परत बोलावलंय, शनिवारी दुपारी येतील. तोवर एक कोडं सुटायला हवं. 2019 च्या गाडीच्या मागच्या डाव्या हबमध्ये एक जादाचा जाड वॉशर निघाला. उजवीकडे नाही. ड्रॉइंगमध्येही नाही. शाफ्ट आखूड झाला होता, की बेरिंग सैल होतं म्हणून कुणी भरला? 2019 च्या टीमपैकी कुणाच्या हाती हे मासिक पडलं आणि आठवत असेल, तर कृपया कळवा. वही वर्कशॉप स्टोअरच्या लोखंडी कपाटात वरच्या खणात आहे. पान 41 कोरं ठेवलंय.